लांबची लेन्स

“या फोटोची डावी बाजू कुठे आहे?” असं विचारत ती मुलगी स्टुडिओत शिरली, तेव्हा मी कुणाच्या तरी मुंजीच्या फोटोंच्या कडा कापत बसलो होतो. ती बाहेर शोकेससमोर बराच वेळ उभी असलेली मी बघितली होती. शोकेससमोर मुली उभ्या राहतातच. फोटोंपेक्षा काचेत दिसणारं स्वतःचं रूप बघतात आणि आतल्या माणसाला ते कळत नाही असं समजतात. म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. पण हिने आत येऊन हातातली पिशवी काउंटरवर ठेवली, मागे बोट दाखवलं आणि सरळ डाव्या बाजूची चौकशी केली. अंगावर साधं ठिपक्यांचं पातळ, पिशवीतून डोकावणाऱ्या मुलांच्या वह्या, बोटांच्या टोकांना खडू. मास्तरीण. मी म्हणालो, “कुठला फोटो?” आणि म्हणतानाच मला माहीत होतं कुठला. मानेवरून घामाचा एक थेंब सदऱ्याच्या आत उतरत गेला आणि तो कमरेपाशी जिरेपर्यंत मी त्याच्याकडेच लक्ष देत राहिलो. मार्च महिना होता, डोक्यावर पंखा चालू होता, घाम यायला तसं काही कारण नव्हतं.

शोकेसच्या मधोमध तो एकच मोठा फोटो होता. अंतरपाट नुकताच दूर झालाय, नवरीने माळ घालायला हात वर केलेत, तिच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि ते अजून गालावर उतरलेलं नाही. नांदे गावात, एकसष्ट सालच्या मे महिन्यात काढलेला. लोक थांबून बघायचे. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्या वाल्मीकचा हात आहे हा. चौकट अशी बांधतो की एक इंच इकडे नको, एक इंच तिकडे नको.” ते इकडचे इंच मी एन्लार्जरखाली घालवले होते. निगेटिव्हमध्ये डावीकडे मांडवाची मेढ होती, आणि त्या मेढीला एका हाताने धरून एक बाई उभी होती. मोकळं कपाळ, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, नजर नवरीवर. लाल दिव्यात कागदावर ते चित्र पडलं तेव्हा मी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं होतं. निगेटिव्हमध्ये पांढऱ्याचं काळं होतं, त्यामुळे तिचं मोकळं कपाळ काळं दिसत होतं. मग मी कागदाच्या कडेची पट्टी उजवीकडे सरकवली. मेढ गेली, बाई गेली, नवरी मधोमध आली आणि फोटो एकदम नेटका झाला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मालकांनी नाही, लग्नघरच्यांनीही नाही. लग्नाच्या फोटोत तसं कपाळ बरं दिसत नाही हे मला न सांगता कळत होतं, आणि अशा न सांगता कळण्यालाच मी माझी कला समजत होतो.

“ती पारू. माझी थोरली बहीण,” मुलगी म्हणाली. “डावीकडे आमची आई होती. मी समोरच होते. तिने मेढ धरली होती.” मी म्हणालो की निगेटिव्ह पुरात गेली. हे खरं होतं. त्याच वर्षी जुलैत पानशेतचं पाणी आलं तेव्हा आमची खालची सगळी कपाटं चिखलात गेली. हा फोटो तेवढा फ्रेमवाल्याकडे होता म्हणून राहिला. खरं बोलूनही मला खोटं बोलल्यासारखं वाटलं, कारण पूर आला नसता तरी मी तिला ती निगेटिव्ह काढून दाखवली असती की नाही, कोण जाणे. तिने वाद घातला नाही. आपलं नाव जया, आपण दोन वर्षांच्या असताना वडील गेले, आईने दिराच्या बरोबरीने शेत केलं, दोघी बहिणींना वाढवलं आणि आपल्याला ट्रेनिंग कॉलेजपर्यंत शिकवलं, हे तिने वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसं भराभर सांगितलं. “वैशाखात माझं लग्न आहे. फोटो तुम्हीच काढायचे. ज्यांनी कापलं त्यांनीच काढायचे. एक फोटो मला आईबरोबर पाहिजे. बाकीचे नाही आले तरी चालतील.” मी विचारलं, “त्या उभ्या राहतील?” “नाही राहणार,” जया म्हणाली. “म्हणून तर तुमच्याकडे आले. घरात तिचा एकही फोटो नाही. उद्या मला तिची आठवण आली तर मी काय बघायचं? तुमच्याकडे लांबच्या जवळच्या काचा असतात ना? कुठलीही लावा.” एवढं बोलून तिने पिशवी उचलली आणि ती गेली. मुंजीच्या बटूचे कापलेले कोपरे माझ्या मांडीवर पडले होते. ते मी उगाच एकेक करून उचलत बसलो.

कुठलीही लावा म्हणणं सोपं असतं. पुरानंतर मालकांनी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून जर्मन कॅमेरा घेतला होता. त्याला तीन लेन्स होत्या, पस्तीसची, अठ्ठावन्नची आणि एकशे पस्तीसची. मखमली खाचांच्या पेटीत त्या तिघी शेजारी शेजारी बसायच्या. मालकांचा नियम असा की गावच्या लग्नाला लेन्स एकच न्यायची. “धुळीत लेन्स काढलीस की आत कण गेलाच म्हणून समज. मग सगळ्या रोलवर तोच ओरखडा. जी लावायची ती इथून लावून जा आणि परत येईस्तोवर हात लावू नकोस.” एरवी मी डोळे झाकून अठ्ठावन्नची लावत असे. या वेळी पंधरा दिवस मी त्या पेटीचं झाकण उघडत आणि मिटत राहिलो. पस्तीसची म्हणजे माणसांच्या मधे शिरायचं. तिच्यात सगळा मांडव येतो, पण जवळचं फुगतं आणि लांबचं बारीक होतं; नवरी पुढे आणि आई मागच्या दारात असली तर आई तिळाएवढी. अठ्ठावन्नची डोळ्याला दिसतं तसं दाखवते, आणि डोळ्याला ही बाई दिसली तरी ती मुलीपासून दूरच दिसणार होती. राहिली एकशे पस्तीसची. ती लांबची लेन्स. मी मागच्या बोळात एक स्टूल ठेवलं, त्याच्या मागे वीस फुटांवर दुसरं, आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिच्यातून बघितलं. मधले वीस फूट गडप झाले होते. दोन्ही स्टुलं एकमेकांना खेटून उभी असल्यासारखी दिसत होती. मालक दारातून बघत होते. म्हणाले, “स्टुलांचं लग्न लावतोयस का रे?” मी हसलो, पण मनात ठरून गेलं होतं. लांबून, कुणाच्या लक्षात न येता, दारातली आई आणि बोहल्यावरची लेक एका चौकटीत ओढून आणायची. चोरी करायला यापेक्षा चांगली लेन्स नव्हती.

खरं सांगायचं तर लांब उभं राहायला मला आवडतंही. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि लहानपणी ते मला बरोबर न्यायचे. ढोलाच्या रिकाम्या पेटीवर बसून मी कितीतरी लग्नं बघितली, सगळी कडेने. वाजंत्र्यांची पंगत शेवटी आणि मांडवाबाहेर. नवरीचं तोंड मला कधी दिसलंच नाही. दिसायच्या त्या पाठी, फेटे आणि अक्षता फेकणारे हात. वडील गाल फुगवून वाजवत असायचे आणि त्यांचे डोळे मांडवाच्या आत कुठेच नसायचे, समोरच्या धुळीत असायचे. कॅमेरा हातात आला तेव्हा पहिल्यांदा मला कुणीतरी “या, या, पुढे या” म्हणालं. लोक बाजूला होऊन मला वाट देऊ लागले. मी मांडवाच्या मधोमध उभा राहू लागलो, भटजींना जरा सरकायला सांगू लागलो, आणि मला वाटू लागलं की मी जन्मापासून तिथलाच आहे. असा कडेवरून मधे आलेला माणूस, आणि त्याने एका कडेच्या बाईला पट्टी सरकवून बाहेर घालवलं. लाल दिव्याखाली मला हे सुचलं नव्हतं. सूसच्या खिंडीत सायकल हातात धरून चढताना सुचलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. खिंडीच्या माथ्यावर करवंदीच्या जाळीपाशी थांबून मी घाम पुसला, गळ्यातला कॅमेरा आणि पाठीला बांधलेलं तीनपायी स्टँड नीट केलं आणि नांद्याकडे उतरलो.

लग्नाच्या आदल्या दुपारी मी पोचलो तेव्हा मांडवावर जांभळीचे टहाळे चढत होते. जयाचे चुलते कोंडाजी शिडीखाली उभे राहून एकाच वेळी चौघांना ओरडत होते. कन्यादान तेच करणार होते, ते आणि त्यांची बायको रत्नाबाई. मी दारांची, उजेडाची पाहणी करत फिरलो. बोहल्याच्या बरोबर मागे, वीसेक फुटांवर, सैपाकघराचं दार होतं. बोळातली दोन स्टुलं मला तिथे दिसू लागली. तेवढ्यात त्याच दारातून एक बाई बाहेर आली, काखेत तांदळाची पाटी, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमीच व्हय ते फोटूवाले? आमच्या पारूच्या लग्नातले?” मी हो म्हणालो. ती धोंडाबाई. लाल दिव्यात उलटी बघितलेली बाई मी पहिल्यांदा सुलटी बघत होतो. उन्हाने रापलेला चेहरा, हनुवटीवर गोंदण, आणि सरळ पाठ. पाटी तशीच काखेत धरून ती म्हणाली, “त्या फोटूतनं मला काढून टाकलंत, ते बेस केलंत.”

मला वाटलं ती टोमणा मारतेय. नव्हती मारत. “पारूनं फोटू आनून दावला तवाच मी म्हनलं, मानूस शहाना हाय. तिच्या सासरी भितीवर लावलाय त्यो. तिचं पयलं पोर ऱ्हायलं न्हाई. मी त्या फोटूत असते, तर समद्यांनी भितीकडंच बोट दावलं असतं. आता कुनाकडं दावतील? मी हायेच कुटं तितं.” आभार मानून घेताना माणसाला इतकं ओशाळं होता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो, की जयाताईंची इच्छा आहे, की निदान एक. “जया सांगंल. तिचं ऐकू नका,” धोंडाबाई म्हणाली. “ती शाळंत शिकवतीया, तिला वाटतंय समदं जग शाळाच हाय. फळ्यावरचं पुसलं की पुसलं. तसं नसतंय, दादा. मला मधी घेऊ नका.” आणि ती पाटी घेऊन चुलाणाकडे गेली. लेन्स माझ्या छातीवर लटकत होती. मी तिला हाताने झाकली, का ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी धोंडाबाईला लांबच्या लेन्समधून बघत होतो. बाकीचेही फोटो काढत होतो, नाही असं नाही. नवरदेवाच्या गावचं, नेऱ्याचं वऱ्हाड आलं, वाजंत्री आली, नवरदेवाचं पाय धुणं झालं. पण डोळा तिच्यावर. लेन्समधून माणूस इतकं जवळ येतं की त्याच्या नाकावरचा घाम दिसतो, आणि त्याला आपला पत्ता नसतो. चुलाणावरच्या भाताच्या पातेल्याला दोन गडी घाबरत हात लावत होते, तिथे ही जाऊन पदराने कान धरून एका झटक्यात ते उतरवायची. कुणाला पाणी, कुणाला सुपारी, कुठल्या बैलाला सावली, सगळ्याचं उत्तर तिच्याकडे. कोंडाजी ओरडायचे आणि काम तिच्या मानेच्या इशाऱ्यावर व्हायचं. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ती कुठेही असली तरी मधे कधीच नसते. हळदीचं ताट बोहल्यापर्यंत येताना तिच्याच हातात असतं, पण मांडवाच्या शेवटच्या मेढीपाशी ते रत्नाबाईच्या हातात जातं. नवरीचा शालू ती निवडते, निऱ्या दुसरी घालते. सवाष्णींचा घोळका पुढे सरकला की ही तेवढीच मागे सरकते, मान वळवूनही न बघता. मी जिथे जिथे चौकट धरली तिथे तिथे ती कडेच्या बोटभर बाहेर असायची. वीस वर्षांत तिचं अंगच तसं झालं असावं. चौकट कुठे संपते हे ओळखण्याचा मला मोठा अभिमान होता, आणि ही बाई माझ्यापेक्षा चोखपणे ते ओळखत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं.

मुहूर्त बाराचा होता. मी मांडवाच्या तोंडाशी, एका बैलगाडीच्या आडोशाला स्टँड लावलं होतं. नवरा-नवरी समोरासमोर, मधे अंतरपाट, जया मला बाजूने दिसत होती आणि तिच्या खांद्यामागे बरोबर ते दार, काळं. टहाळ्यांखाली उजेड कमी. पुढची लेक आणि मागची आई दोघी स्वच्छ यायच्या तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागणार होतं, आणि मग कॅमेऱ्याचा पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागणार होता. मंगलाष्टकं सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं, दार रिकामंच. तिसऱ्याला दारातल्या काळोखात काहीतरी हललं आणि धोंडाबाईचा चेहरा वर आला. ओल्या हातांनी तिने दाराची चौकट धरली होती. लेन्सने मधले वीस फूट गिळले आणि तो चेहरा जयाच्या खांद्याला टेकला. मी श्वास रोखला. बटणावर बोट ठेवलं. आणि तिने बघितलं. एवढ्या माणसांतून, एवढ्या लांबून, बैलगाडीआडच्या त्या काचेकडे तिने सरळ बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपल्या परसात कुणी शिरलेलं दिसावं तशी ती बघत राहिली. माझं बोट खाली गेलं नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या, ताशा कडाडला, आणि मी पुन्हा दारात बघितलं तर तिथे नुसता अंधार होता.

मी तो फोटो का काढला नाही याची मी तिथल्या तिथे बरीच कारणं शोधली. अर्ध्या सेकंदात कुणीतरी हललंच असतं, उजेड पुरला नसता, वगैरे. सगळी खरी होती आणि एकही खरं नव्हतं. जयाला काय सांगायचं? ती बोहल्यावर बसली होती आणि दर थोड्या वेळाने मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघत होती. झालं का? मी मान खाली घालून उगाच रोलचा आकडा बघायचो. नऊ फोटो उरले होते. मांडवात पहिली पंगत बसली. पत्रावळी पडल्या, भात आला, आमटी आली. गावचे वयस्क गेणबा पंगतीच्या टोकाला काठी घेऊन उभे होते. नांद्यात पंगतीला शिवाचा, ‘हर हर महादेव’चा पुकारा तेच करतात, तोही घरच्या यजमानाने ‘बोला’ म्हटल्यावर, आणि त्यांनी पुकारा केल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, “दारातनं मला चोरून घेत व्हता का?”

धोंडाबाई बैलगाडीच्या चाकापाशी उभी होती. मी हो म्हणालो. “जयानं सांगितलं?” “घ्यायला त्यांनी सांगितलं. चोरून घ्यायचं माझं मी ठरवलं.” ती म्हणाली, “काळोखात दाराआड उभी आसलेली बाई फोटूत कशी दिसंल, ठावं हाय का तुमाला? टपून बसल्यावानी. उद्या लोकं म्हनतील, बघा, आये चोरून बघत व्हती. फोटूत नसलेली बरी. पर चोर म्हून नगं. माज्या पोरीच्या लग्नात मी चोर न्हाई.” तिचा आवाज चढला नव्हता. मी म्हणालो, “चुकलं माझं. दोन्ही वेळा चुकलं.” आणि मग, कुठून धीर आला कोण जाणे, विचारलं, “उजेडात घेऊ?”

तिने पदराला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ. बोहल्याकडे बघितलं. जया आमच्याकडेच बघत होती. ती उठली नाही, तिने हाक मारली नाही, फक्त बघत होती, आणि आपण काय मागितलंय हे तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. धोंडाबाई चालू लागली. पंगतीच्या मधून नाही, कडेने, पण डोकं वर करून. नवरदेवाची आई सारजाबाई वऱ्हाडी बायकांत पाटावर बसली होती. तिच्यासमोर जाऊन ही उभी राहिली. मांडवातलं बोलणं थांबलं. “वैनी, हे काय काढलंय आता?” कोंडाजी पुढे आले. धोंडाबाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती म्हणाली, “विहीनबाई, मी माज्या लेकीशेजारी फोटूला उभी ऱ्हातीया. मी कोन हाय ते समद्यांस्नी दिसतंय. तुमाला चालत नसंल तर आत्ता बोला, मी माघारी जाते. मागनं बोलायचं न्हाई. काय बरं-वाईट झालं तर त्या फोटूकडं बोट दावायचं न्हाई.”

मी आयुष्यात धीराची माणसं बघितली आहेत. पुराच्या दिवशी पाण्यात उतरलेली बघितली. पण स्वतःचं मोकळं कपाळ भर मांडवात पुढे करून, होय की नाही ते तोंडावर सांगा म्हणणारी ही एकच. मला कळेना कॅमेऱ्याचं काय करावं. सारजाबाई तिच्याकडे बघत होती. तिच्या हातातला विडा तसाच होता. लेकीच्या आयुष्याचा प्रश्न होता. ही बाई आता जे बोलेल ते जयाला नेऱ्यात रोज ऐकायचं होतं. बैल घंटा हलवत होते, आमटीवरची वाफ विरत होती. सारजाबाईने विडा खाली ठेवला. “उभ्या ऱ्हावा की,” ती म्हणाली. “पर पदर नीट घ्या. फोटू मोठा करून आमच्या घरात लावायचा हाय, सोप्याला. आल्यागेल्याला दिसंल.” आणि जरा थांबून, जरा खवचटपणे, “आन हसू नका. फोटूत हसलं की दात मोठं दिसत्यात.” बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. धोंडाबाई हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले.

जया बोहल्यावरून उतरून धावतच आली असती, पण शालू पायात येत होता. मी दोघींना मांडवाच्या तोंडाशी, टहाळ्यांच्या फटींतून ऊन पडत होतं तिथे उभं केलं. मग माझी फजिती मला कळली. “आख्खी घ्या,” धोंडाबाईने मला बजावलं होतं. “पायासकट. कुटं कापू नका.” लांबच्या लेन्सने दोन माणसं पायांसकट घ्यायची तर चाळीस फूट मागे जावं लागतं. मागे बाहेर गाड्या होत्या, उकिरडा होता; चाळीस फूट मोकळे होते ते मांडवाच्या आत, म्हणजे भरल्या पंगतीवर. कुणाला कळू नये म्हणून निवडलेली लेन्स, आणि आता तिच्यासाठी सगळ्या गावाला उठवायचं. मी कोंडाजींना चाचरत सांगितलं. ते भडकले. “चाळीस फूट? जवळनं काढा की! वाढलेल्या पानावरनं मान्सं उठवू व्हय?” पान वाढलेलं असताना माणसाला उठवणं म्हणजे काय हे मलाही कळत होतं. वाजंत्र्यांच्या पंगतीलासुद्धा कुणी तसं करत नाही. अठ्ठावन्नची आणली असती तर हा प्रश्नच आला नसता. मी धोंडाबाईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल राहू द्या. लेकीशेजारी उभी राहिली होती, ती तशीच उभी राहिली. मग पंगतीच्या टोकाकडून गेणबांची काठी दोनदा जमिनीवर आपटली. “मधली वळ उठा रं. पत्रावळी उचला. भात सांडू नका.”

उठले. आधी दोघंतिघं, मग सगळी ओळ. मोठमोठे फेटेवाले बाप्ये दोन्ही हातांनी वाढलेली पत्रावळ छातीशी धरून उभे राहिले आणि आमटी सांभाळत दोन्ही बाजूंना सरकले. मांडवाच्या मधोमध एक मोकळी वाट तयार झाली. मी तिच्यातून मागे मागे चालत गेलो, कॅमेरा छातीशी, तोंड त्या दोघींकडे. सगळा गाव माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत होता. शेवटच्या मेढीला पाठ लागली तेव्हा थांबलो. लेन्समध्ये बघितलं. त्या ताठ उभ्या होत्या, गावाकडे फोटोला उभे राहतात तशा, हात सरळ खाली, नजर सरळ पुढे. एरवी मी अशांना “जरा सैल व्हा” म्हणून त्रास देतो. आज म्हणालो नाही. जयाच्या डाव्या हाताला आई. जयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात उचलत नव्हती, कारण आईने सांगितलं असावं, हलू नको. धोंडाबाईच्या पायांत जोडवी नव्हती, टाचांना भेगा होत्या, कपाळावर काही नव्हतं, आणि ती इतकी देखणी दिसत होती की मला क्षणभर फोकस लागेना. मी बटण दाबलं.

एक फोटो पुरे होता. उजेड चांगला होता, दोघी हलल्या नव्हत्या, तो आला होता हे माझ्या बोटालाच कळलं होतं. तरी मी म्हणालो, “आणखी एक.” मग आणखी एक. रोल सरेपर्यंत मी आणखी एक, आणखी एक म्हणत राहिलो, कारण मला ती लेन्स डोळ्यावरून काढवत नव्हती. पत्रावळी धरून उभी असलेली माणसं आमटी गार होताना बघत होती. कुणी कुरकुरलं नाही. रोल संपल्यावर मी हात वर केला आणि गेणबांना म्हणालो, “झालं. तुमचा पुकारा होऊ द्या.”

गेणबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. माणसं परत ओळीत बसली, पत्रावळी खाली टेकल्या. कोंडाजी घाईने म्हणाले, “बोला, गेणबा, बोला.” गेणबा बोलले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ते मांडवाच्या तोंडाशी बघत होते, आणि सगळी पंगत, हात पानापाशी ठेवून, तिकडेच बघत होती. धोंडाबाईला ते कळायला थोडा वेळ लागला. तिने मागे वळून बघितलं, आपल्यामागे कुणी आहे का ते. मागे कुणी नव्हतं. मग तिने जयाचा हात धरला आणि भरल्या मांडवात, मोठ्याने म्हणाली, “बोला, गेणबा. जेवू द्या मान्सांना.”